‘मी मघाशी गोळी घेतली का?’ : मराठीत बोलणारं औषधांचं ॲप बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमच्यापैकी कुणी पुण्यात बसून काम करत असेल, कुणी बंगळुरात. औषधांची आठवण करून देणारं, मराठीत बोलणारं आणि मराठी ऐकणारं ॲप बनवायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे चांगलं झालं. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर होते. त्यातल्या ज्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या जन्माच्या लागल्यात, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना पाकिटावरचं इंग्रजी वाचता येत नाही. तिथं आवाज उपयोगी पडेल हा तुमचा हिशोब बरोबर आहे.

मी फलटण तालुक्यात औषधांचं दुकान चालवते. डी. फार्म. करून काउंटरमागे उभी राहिले ती अजून तिथंच आहे. तुमच्यासारखी तरुण मंडळी अधूनमधून येतात, फोन काउंटरवर ठेवतात, फोन म्हणतो, ‘नमस्कार, कृपया आपल्या औषधाचे सेवन करावे.’ मग सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. कौतुक वाटतंच. पण ‘सेवन करावे’ ऐकून माझ्या दुकानातलं निम्मं गिऱ्हाईक इकडंतिकडं बघेल, की बातम्या लागल्या वाटतं! आमच्याकडे गोळी खातात किंवा घेतात.

तुमच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर बहुधा जागतिक आरोग्य संघटनेचा 2003 चा अहवाल असतो: विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. आकडा खरा आहे. उरलेले निम्मे विसरतात, हा अर्थ मात्र तुमच्या पदरचा. त्या एका समजुतीवर गजराचं ॲप उभं राहतं, आणि गजराची वानवा कुणाच्याच घरी नाही.

मला काउंटरवर विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो. ‘ताई, सकाळची खाल्ली का न्हाई, त्येच आठवंना. आता खाऊ का?’ कधी फोनवर, कधी समोर उभं राहून, कधी नातवाला पाठवून. गोळी रोज त्याच वेळी, त्याच फुलपात्रातल्या पाण्याबरोबर घेतली की आजची आणि कालची आठवण एकमेकींत मिसळून जाते. त्यात वयाचाही संबंध नाही, चाळिशीतल्या थायरॉइडच्या बायकाही हेच विचारतात. पाकिटातल्या गोळ्या मोजा म्हणावं, तर पाकीट आम्हीच कापून दिलेलं असतं, सात हव्यात म्हणून सात. शिवाय पुष्कळ घरांत नवरा-बायको दोघांना बीपीची एकच गोळी असते आणि दोघं एकाच पाकिटातून खातात. मोजून काय कळणार?

हा प्रश्न साधा नाही, कारण चुकीचं उत्तर महागात पडतं. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी दोनदा पोटात गेली आणि जेवण थोडं झालं, की घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. रक्त पातळ करायची गोळी दुप्पट झाली तर रक्तस्राव. उलट फिट्सची गोळी ‘घेतली असेल’ म्हणून सोडली तर फिट येऊ शकते. म्हणजे ‘शंका आली तर घेऊ नका’ असं सरसकट सांगता येत नाही, आणि ‘घेऊन टाका’ असंही नाही. प्रत्येक गोळीचं शंकेचं उत्तर निराळं असतं.

तेव्हा माझं पहिलं आणि मुख्य म्हणणं हे, की तुमचं ॲप या प्रश्नाभोवती बांधा. माणसाला आठवण करून देणं सोपं आहे. त्याच्या आठवणीबद्दलच्या शंकेला प्रामाणिक उत्तर देणं हे खरं काम.

आता तुमचं सध्याचं ॲप या प्रश्नाला काय उत्तर देतं ते बघू. आजी चुलीपुढं भाकरी थापतायत. आठ वाजता फोन विचारतो, ‘बीपीची गोळी घेतली का?’ आजी हात न थांबवता म्हणतात, ‘हां, घेते.’ यंत्राला ‘हां’ ऐकू आलं. पडली हिरवी खूण. तेवढ्यात दारात दूधवाला येतो, भाकरी करपते, गोळी डब्यातच राहते. दुपारी आजींना शंका येते, त्या फोनला विचारतात. फोन ठामपणे सांगतो, ‘हो, आठ वाजून दोन मिनिटांनी घेतली.’ आजी निर्धास्त. आधी निदान शंका तरी होती. फोनने ती काढून घेतली आणि तिच्या जागी खोटी खात्री ठेवली.

‘घेते’, ‘घेतली’, ‘घेतो की’, ‘झाली’, ‘झालं माझं’, ‘खाल्ली मगाच’, ‘आत्ता जेवल्यावर’, आणि नुसतंच ‘हं’. ही सगळी उत्तरं तुमच्या यंत्राला वेगवेगळी कळली पाहिजेत, आणि जे कळलं नाही ते ‘कळलं नाही’ म्हणून नोंदलं गेलं पाहिजे. ‘घेते’ म्हटलं की पाव तासाने एकदाच, पुन्हा सांगते, एकदाच, विचारा. कितीदाही विचारत बसलात तर तिसऱ्या दिवशी फोन उशीखाली जाईल. नोंदीत ‘घेतली’ असा निकाल लिहू नका, माणूस काय म्हणाला ते लिहा. मग दुपारी उत्तर असं देता येईल: ‘आठ वाजता तुम्ही घेते म्हणालात. घेतल्याचं मला सांगितलं नाही.’ एवढं ऐकल्यावर आजी स्वतःच डबा उघडून बघतील. तरी उलगडलं नाही, तर त्या गोळीसाठी डॉक्टरांनी किंवा आमच्यासारख्यांनी सुरुवातीलाच भरून ठेवलेली एक ओळ यंत्राने वाचून दाखवावी: या गोळीची शंका आली तर काय करायचं. ती ओळ माणसाने लिहिलेली असू द्या. तिथं यंत्राने स्वतःच्या मनाचं काही जोडायचं नाही. ओळ भरलेली नसेल तर ‘मला माहीत नाही, दुकानात किंवा डॉक्टरांना फोन लावू का?’ असं म्हणायला तुमच्या यंत्राला लाज वाटायला नको.

नोंद म्हणजे पोटात गेलेली गोळी नव्हे, याचा धडा आपल्याच देशात आधी मिळालेला आहे. टीबीच्या रुग्णांसाठी ‘नाइन्टी-नाइन डॉट्स’ नावाची योजना निघाली. गोळ्यांच्या पाकिटाला एक पुठ्ठ्याचं कव्हर, गोळी काढली की तिच्यामागे दडलेला फोन नंबर दिसतो, त्या नंबरवर फुकट मिस्ड कॉल द्यायचा. साधा फोन पुरतो, वाचता येण्याचीही फारशी गरज नाही. कल्पना म्हणून मला ती आजही आवडते. पण पुढे अभ्यासकांनी मिस्ड कॉलच्या नोंदी, रुग्णांच्या लघवीत औषध सापडतं का, या तपासणीशी ताडून पाहिल्या, तेव्हा दोन्हींचा पुरेसा मेळ बसला नाही. कुणी गोळी घेऊन कॉल देत नव्हतं, कुणी कॉल देऊन गोळी घेत नव्हतं. तुमच्या हिरव्या खुणेचं याहून वेगळं काही होईल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

आता वाईट भागाकडे येते. तुमच्या जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये ‘कुटुंबीयांना कळवा’ अशी सोय असते. आईने गोळी चुकवली की पुण्यातल्या मुलाच्या फोनवर संदेश. ऐकायला माया आहे. होतं काय, तर संध्याकाळी मुलाचा फोन येतो, ‘आई, आज पण नाही घेतलीस?’ आई दोन दिवस ऐकून घेते. तिसऱ्या दिवसापासून ती फोनला सांगायला लागते, ‘घेतली बाबा, घेतली.’ यंत्राशी खोटं बोलायला संकोच कसला? मग महिन्याने ती नोंद डॉक्टरांपुढं जाते. गोळ्या शंभर टक्के, बीपी मात्र चढलेलं. डॉक्टर काय करणार, डोस वाढवणार. आणि मुलगा दिवाळीला घरी येऊन स्वतःच्या हाताने आईला वाढवलेला डोस नेमाने द्यायला लागला की आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडणार. ह्या साखळीत कुणीच वाईट वागलेलं नाही, बरं का. म्हणून ही सोय मुळात बंद ठेवा. ज्याची गोळी त्याने स्वतःच्या तोंडाने ‘मुलाला कळवत जा’ म्हटलं तरच ती चालू व्हावी, आणि ‘आता नको’ म्हटलं की बंद.

त्यापेक्षा ‘नाही घेतली’ हे उत्तर सोपं करा. यंत्राने रागवायचं नाही, ‘आरोग्याची काळजी घ्या’ असा डोस पाजायचा नाही. फक्त विचारायचं, ‘का हो, काही त्रास होतोय का?’ आणि ऐकून घ्यायचं. दुकानात मी ऐकते ती कारणं अशी असतात. लघवीची गोळी टाळली, कारण साताऱ्याला एसटीने जायचं होतं आणि मधे गाडी थांबत नाही. बीपीच्या एका गोळीने पावलं सुजतात. दुसरीने कोरडा खोकला येतो, रात्रभर. शुगरच्या गोळीने पोट बिघडतं म्हणून लग्नाच्या दिवशी नको. महिनाअखेर आहे, म्हणून रोजची गोळी एकाआड एक. यातलं एकही विसरणं नाही! लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी उशिरा घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. खोकला येतो म्हणून औषध बदलून मिळतं. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्र आहे, सरकारी दवाखाना आहे. पण त्यासाठी ते कारण कुणाच्या तरी कानावर पडायला हवं. हे काम तुमच्या यंत्राला मुलापेक्षाही चांगलं जमेल, कारण यंत्राला वाईट वाटत नाही.

औषधांच्या नावांचं काय करणार आहात? चिठ्ठीवर एक नाव, पाकिटावर दुसरं, घरात तिसरं. घरातलं नाव असतं ‘बीपीची’, ‘शुगरची’, ‘पित्ताची’, ‘रक्त पातळ व्हायची’, ‘ताकदीची’. तेच नाव वापरा, पण त्याच्या पोटात नेमकं औषध आणि ताकद, म्हणजे किती मिलिग्रॅमची, हे बांधून ठेवा. कारण टेल्मा, टेल्मा-एच आणि टेल्मा-एएम ही तिन्ही ‘बीपीची’च. पहिलीत एकच औषध, दुसरीत लघवी वाढवणारं जोडलेलं, तिसरीत अम्लोडिपिन हे बीपीचंच दुसरं औषध. शुगरच्या ‘जीपी वन’ आणि ‘जीपी टू’ यांत एका अक्षराएवढा फरक ऐकू येतो, आणि ग्लिमेपिराइड दुप्पट होतं. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ तर माणसांनाही फोनवर कळत नाहीत. हा घोळ कोर्टापर्यंत गेलेला आहे. मेंदूच्या मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या नावांवरून दोन कंपन्यांत खटला झाला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की औषधांच्या नावातल्या सारखेपणाला इतर मालापेक्षा कडक कसोटी लावावी, कारण इथली गल्लत जिवावर बेतू शकते. यंत्राच्या कानाला ही कसोटी कोण लावणार? तुम्हीच. नवीन गोळी नुसत्या आवाजावर नोंदवून घेऊ नका. पाकिटाचा फोटो मागा, नाव आणि ताकद परत बोलून दाखवा, आणि शक्यतो ही भरती दुकानात किंवा दवाखान्यात माणसासमोर होऊ द्या. पाकिटावरच्या क्यूआर कोडवर सगळी भिस्त ठेवू नका. 1 ऑगस्ट 2023 पासून तो बंधनकारक झाला तो 300 ब्रँडना, सगळ्यांना नव्हे. आणि मी पाकीट कापलं की तो तुकडा माझ्याकडं राहतो की गिऱ्हाइकाकडं, हे कात्रीवर असतं.

शिवाय ब्रँड बदलतो. एका कंपनीची गोळी संपली की दुसरीची देतो, डॉक्टरांना विचारून. सरकारी दवाखान्यात तर पुरवठा बदलला की गोळीचा रंगही बदलतो. ‘छोटी पांढरी गोळी घ्या’ असं तुमचं ॲप सांगत राहिलं आणि डब्यात गुलाबी असली, तर माणूस दोनपैकी एक करतो: घेतच नाही, नाहीतर मागच्या महिन्यातली पांढरी शोधून दोन्ही घेतो.

अर्धी, पाव, दीड हे शब्द नीट ऐका. ‘दीड गोळी’ला ‘दोन’ किंवा ‘एक’ समजून चालणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस तपासणीप्रमाणे बदलतो, आज एक, उद्या अर्धी, असाही असतो. आणि कुणी ‘अर्धी मोडून घेतो’ म्हणालं, तर ती गोळी मोडायची आहे का हे यंत्राला माहीत हवं. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या मोडल्या की सगळं औषध एकदम सुटतं.

एका गोळीचं नाव मात्र मला मोठ्या अक्षरात लिहायचंय. मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो, आणि असं जगभर घडलेलं आहे. आम्ही पाकिटावर पेनने वार लिहून देतो. तुमच्या ॲपमध्ये कुणी ही गोळी ‘रोज सकाळी’ म्हणून भरू लागलं तर ॲपने तिथंच थांबायला हवं, डॉक्टरांचा होकार येईपर्यंत पुढं जायचं नाही. ही एकच चाचणी जरी तुमचं ॲप नापास झालं, तरी ते लोकांच्या हातात देऊ नका.

वेळेचं थोडक्यात सांगते. घड्याळापेक्षा जेवण धरा. चिठ्ठीवरचं ‘1-0-1’ म्हणजे सकाळ-रात्र, पण ज्याच्या शेताला रात्रीची लाइट आहे तो पहाटे झोपतो आणि त्याची सकाळ अकराला होते. थायरॉइडची गोळी अनशापोटी, चहाच्या आधी अर्धा-एक तास, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. आमच्याकडे साडेपाचला चहा होतो. आठचा गजर तिथं काय कामाचा?

आणि उपास. आषाढात माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते, तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते. वारकरी रिकामं पाकीट पुढं करतात, ‘माउली, ही द्या.’ पुष्कळांच्या फोनची बॅटरी संपलेली, जेवण दिंडीच्या पंगतीत मिळेल तेव्हा, आणि चालणं एरवीच्या कितीतरी पट. त्यात एकादशी. उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड नेहमीसारखीच घेतली तर साखर उतरायचा धोका असतो. तुमच्या ॲपला दिनदर्शिका पाठ आहे. मग दशमीच्या दिवशी सकाळी त्याने विचारावं, ‘उद्या एकादशी आहे. उपास करणार का? शुगरच्या गोळीचं डॉक्टरांना विचारलंय का?’ मराठीत बोलणाऱ्या ॲपकडून माझी अपेक्षा ही आहे. इंग्रजी गजराला मराठी आवाज लावला की ते मराठी ॲप झालं, असं मला वाटत नाही.

फोन कुणाचा, हेही बघा. घरात एकच मोठा फोन असतो, तो मुलगा कामाला घेऊन जातो. आईबापांकडे बटणांचा. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर साधा कॉल करून बोलणारी सोय हवी, इंटरनेटशिवाय. आणि मोठ्याने काय बोलताय त्याचं भान ठेवा. पाहुणे बसलेले असताना फोन ‘तुमची मानसिक आजाराची गोळी’ म्हणाला, किंवा सासरी नव्याने आलेल्या मुलीची फिट्सची गोळी सगळ्या घराला ऐकू गेली, तर ती गोळी त्या दिवसापासून बंद होईल, आणि ॲपही. ‘तुमची वेळ झाली’ एवढं पुरे. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूने ‘हो’ म्हटलं म्हणून खूण पडू नये, हे वेगळं सांगायला नकोच. ‘तुम्ही’ म्हणा, ‘तू’ नको. आणि बावन्न वर्षांच्या बाईला स्वतःहून ‘आजी’ म्हणायचं धाडस करू नका. मी दुकानात केलेलं नाही.

या बोलण्यातून जमलेली माहिती कुणाची, याचा कायदा 2023 मध्ये झाला आहे, तुमचे वकील तुम्हाला तो सांगतील. मी एवढंच म्हणते, की ती विमा कंपनीला विकू नका आणि औषध दुकानांनाही विकू नका, यात माझं दुकान आलं. कुणाची गोळी संपत आली हे मला आधी कळलं तर माझा धंदा वाढेल, खरं आहे. तरी नको.

आणि शेवटचं. अशी ॲप येतात, अनुदान किंवा गुंतवणूक संपली की जातात. ज्याने दोन वर्षं तुमच्या आवाजावर गोळ्या घेतल्या, त्याचा फोन एके दिवशी नुसताच गप्प होतो, आणि त्याला वाटतं आज गोळी नाही. तेव्हा बंद करायची वेळ आलीच, तर निदान महिनाभर आधीपासून रोज बोलून सांगा, की अमुक तारखेपासून मी बोलणार नाही. सगळ्या गोळ्यांची यादी, वेळा आणि शंकेच्या ओळी मराठीत, मोठ्या अक्षरात छापता येतील अशा काढून द्या. ती छापलेली यादी माझ्या दुकानात आणली तर मी ती डब्याला चिकटवून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फलटण तालुक्यातली एक औषध-दुकानदार